साथीचा ताप गावात शिरला तर : घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत काय काय करायचं

खोकला-तापाची साथ आली की आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे "काही होत नाई बाप्पा, हवा बदलली म्हणून आहे" असं म्हणत अख्खं घर एकाच खोलीत खोकत बसते, आणि दुसरा म्हणजे दोन-चार माणसं दवाखान्यात भरती झाली की एकदम घाबरून ट्रॅक्टरवर टाकी ठेवून रस्त्यांवर, भिंतींवर, कधी कधी तर माणसांवरसुद्धा फवारणी सुरू होते. २०२० मधे हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की रस्त्यावर औषध मारून उपयोग नाही आणि माणसावर मारणं तर घातकच, पण तोवर गावोगावचे पंप काढून झाले होते.

फ्लू असो, कोरोना असो, गोवर असो, नाहीतर उद्या येणारं आणखी कुठलं नवीन नाव, हे विषाणू मुख्य करून हवेतून फिरतात. आजारी माणूस बोलला, खोकला, भजन म्हटलं, नुसता श्वास जरी सोडला तरी बारीक थेंब बाहेर पडतात, त्यातले मोठे थेंब एक-दोन मीटरमधे खाली पडतात आणि बारीक असतात ते बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीत टिकतो. समजायला सोपं म्हणजे बिडीचा धूर धरा, आंगणात कोणी बिडी ओढली तर चार पावलांवर वासही येत नाही, पण दार लावलेल्या खोलीत ओढली तर कोपऱ्यात झोपलेल्यालाही ठसका लागते. म्हणून वावरात दहा बाया कापूस वेचून राहिल्या तर फारशी भीती नाही, त्याच दहा जणी ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत अर्धा तास दाटीवाटीनं बसल्या की भीती. बंद जागा, जास्त माणसं, जास्त वेळ, मोठा आवाज, या चार गोष्टी जिथे जमल्या तिथे साथ पसरते. या लेखात पुढे जे जे सांगतो ते सगळं यावरूनच निघते, त्यामुळे बाकी काही विसरलं तरी चालेल.

आणि आपल्याकडे शहरातलं येत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. १९१८ ची मानमोडी, म्हणजे तेव्हाची फ्लूची मोठी साथ, देशात ज्या भागांत सगळ्यात वाईट फिरली त्यात आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता, आणि कोरोनाची दुसरी लाट २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात आधी चढली ती अमरावती, अकोला, यवतमाळकडेच, पुण्या-मुंबईची बातमी मागून आली.

साथ यायच्या आधी

फ्लूचे आपल्या देशात साधारण दोन मोसम असतात, जानेवारी ते मार्च आणि पावसाळा सरता सरता ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे पोळ्याच्या आसपास एकदा आणि हरभरा निघायच्या वेळी एकदा घरातल्या तयारीवर नजर टाकली की झालं.

पहिलं काम लहान मुलांच्या लसीचं कार्ड काढून बघायचं. सरकारी लसीकरणात न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस आहे (दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने), पेंटाव्हॅलेंट आहे ज्यात डांग्या खोकलाही येतो, आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत, एक नऊ महिन्याला आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे. हा दुसरा डोसच आपल्याकडे जास्त राहतो, कारण तोवर पोरगं चालायला लागलेलं असते, आई पुन्हा मजुरीला जायला लागलेली असते. राहिला असेल तर गावातल्या लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला सांगा, उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत नाही. फ्लूची लस वेगळी, ती दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा पैसे देऊनच मिळते, तरी गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि शुगर-दम्याचे पेशंट यांच्यासाठी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकदा विचारून बघा.

दुसरं काम घरात कोणाला हा आजार जड जाऊ शकतो ते आधीच ओळखून ठेवायचं. साठीच्या वरचे, पाच वर्षांच्या आतले, गरोदर, शुगरवाले, हृदयाचे, दम्याचे, किडनीचे, आधी टीबी झालेले, कॅन्सरचा इलाज सुरू असलेले. यात आपल्या भागानं एक नाव वर ठेवलं पाहिजे आणि तेच नेमकं राहून जाते, ते म्हणजे सिकलसेल, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट, कितीतरी घरांत सिकलसेलचे पेशंट आहेत आणि त्यांना साधा फ्लूसुद्धा छातीत उतरून फार लवकर गंभीर होऊ शकतो. अशा माणसाला ताप आला, छातीत दुखलं, श्वास लागला तर "दोन दिवस पाहू" हा प्रकारच नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि जाताना सिकलसेलचं कार्ड सोबत, डॉक्टरला पहिलं वाक्य तेच सांगायचं. फक्त वाहक असलेल्यांना एवढी काळजी नसते, गोंधळ नको.

सामान फार लागत नाही. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची चार-पाच पाकिटं, साबण, थोडे चांगले मास्क. ऑक्सिमीटर प्रत्येक घरी घ्यायची गरज नाही, तीन-चार घरांत मिळून एक पुरते. खरं तर २०२० च्या सप्टेंबरमधे "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत घरोघरी ऑक्सिजन मोजत टीम फिरल्या होत्या, तेव्हाची कितीतरी मशीनं अजून कुठल्या ना कुठल्या कपाटात पडून असतील, ग्रामपंचायतीत विचारा, सेल आत राहून गंजले नसतील तर चालतात. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या घरात ठेवा, साथीच्या गर्दीत फक्त गोळ्यांसाठी दवाखान्याच्या लाइनीत उभं राहायची पाळी नको.

घरातली हवा

जुन्या कवेलूच्या घराला कितीही नावं ठेवली तरी त्यातून हवा जायची, वरून जायची, फटीतून जायची. आता घरकुल योजनेतलं स्लॅबचं घर, एक खोली, एक छोटी खिडकी, तीही समोरच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून, आणि त्या खिडकीत पोतं कोंबलेलं. घर पक्कं झालं, हवा अडकली.

आपल्या घरात हवा फिरते का हे बघायला मशीन लागत नाही. दार-खिडक्या रोज असतात तशा ठेवा, खोलीच्या मधे एक उदबत्ती लावा आणि धूर कुठे जाते ते बघत बसा. एका बाजूला सरकून बाहेर निघत असेल तर बरं, वर चढून तिथेच घुटमळत असेल तर त्या खोलीत आजारी माणसाचा श्वासही तसाच घुटमळणार. नुसती एक खिडकी उघडून फार फरक पडत नाही, समोरासमोर दोन उघड्या जागा पाहिजेत, समोरचं दार आणि मागचं दार असं असलं तरी चालते. तेही नसेल तर टेबल फॅन खिडकीजवळ बाहेरच्या दिशेनं तोंड करून लावा, तो आतली हवा बाहेर फेकते आणि दारातून ताजी आत येते. सगळे लोक उलटं करतात, पंखा आजारी माणसावर सोडतात आणि त्याच्यावरून आलेली हवा बाकीचे खातात. छताचा पंखा हवा फक्त घुसळते, खिडकी बंद ठेवून तो कितीही जोरात लावला तरी नवी हवा येत नाही.

हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवा म्हटलं की म्हातारी माणसं चिडणार, आणि गोंदिया-नागपूरकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी काही खोटी नाही. रात्रभर सताड उघडी नका ठेवू, पण वीतभर फट दोन्ही बाजूंनी राहू द्या, आजारी माणसाला स्वेटर-कानटोपी घाला, आणि दिवसा तासा-दीड तासानं दहा मिनिटं सगळं उघडून टाका. शेकोटी आंगणातच ठेवा. घरात घमेल्यात निखारे ठेवून दार लावून झोपणं साथ नसतानाही जिवावरचं आहे, कोळशाच्या विषारी वायूनं माणसं झोपेतच जातात. चुलीचा धूरही आजारी छातीला चालत नाही, चूल आणि पेशंट एका खोलीत असतील तर दोघांपैकी एकाला बाहेर काढा, चूल काढणं सोपं असते.

उन्हाळ्यातला प्रश्न कूलरचा. एप्रिल २०२१ मधे आपल्याकडे लाट होती तेव्हा ऊनही तेवढंच होतं आणि कितीतरी घरांत पेशंटसकट सगळी माणसं एका कूलरच्या खोलीत झोपत होती. कूलर वाईट नाही, उलट नीट लावला तर एसीपेक्षा कितीतरी चांगला, कारण तो बाहेरची हवा ओढून आत ढकलते. फक्त तो खिडकीच्या बाहेर पाहिजे, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी पाहिजे म्हणजे आलेली हवा निघून जाईल. कूलर खोलीच्या आतच ठेवला आणि सगळं बंद केलं तर तीच हवा गोल फिरते, वरून दमटपणा वाढते आणि थंडावाही लागत नाही. एकाच खोलीत सगळ्यांना झोपायची पाळी असेल तर पेशंटची बाज हवा जिथून बाहेर जाते त्या दाराशी टाका आणि बाकीचे कूलरच्या बाजूला झोपा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा सांडून घासून काढा, नाहीतर या तापातून सुटलो आणि डेंगूत सापडलो असं होते.

मास्क

एन-९५ सगळ्यात चांगला, त्यानंतर मेडिकलमधला तीन पदरी निळा, आणि मग कापडाचा. खांद्यावरचा दुपट्टा किंवा बायांचा स्कार्फ एक पदर तोंडावर घेतला तर धूळ अडते, एवढ्या बारीक थेंबांना तो फार काही अडवत नाही, अगदीच काही नसेल तर चार पदर करून घट्ट बांधा. कोणताही मास्क असो, कडेनं हवा जात असेल तर तो गळ्यातल्या माळेसारखाच, नाकाची पट्टी दाबून बसवली पाहिजे, जोरात श्वास सोडल्यावर डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढी असली की बसत नाही. समोर व्हॉल्व्हची बटन असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवते पण त्याचा श्वास तसाच बाहेर सोडते, म्हणून पेशंटला तो देऊ नका.

एन-९५ धुवायचा नाही, धुतला की त्याचा गुण गेला. चार-पाच मास्क घ्या, एक दिवस वापरलेला कागदी पिशवीत टाकून ठेवा आणि पाळीपाळीनं वापरा, फाटला, ओला झाला, पट्टी सैल झाली की फेका. आणि वावरात कीटकनाशकाच्या फवारणीला वापरलेला मास्क घरात पेशंटजवळ अजिबात नको. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको, त्या मास्कवर काय बसलेलं असते ते नाकाला लावून खोलीत बसू नका.

मास्क आधी कोणी घालायचा, तर जो खोकून राहिला त्यानं. नंतर त्याची सेवा करणाऱ्यानं. एकटा माणूस बैलबंडीवर वावरात चालला असेल तर त्याला मास्क लावायला लावणं म्हणजे उगाच.

घरात कोणाला ताप आला त्या दिवशी

टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, ताप-खोकला दिसला त्याच संध्याकाळी बाज वेगळी करा. फ्लूमधे माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, कोरोनात एक-दोन दिवस आधीपासून ते आठ-दहा दिवसांपर्यंत. सगळ्यात जास्त पहिल्या तीन-चार दिवसांत, आणि नेमके तेच दिवस आपण "पाहू उद्या" मधे घालवतो.

वेगळी खोली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर छपरी किंवा ओसरी सगळ्यात चांगली, मच्छरदाणी लावा, पाऊस-थंडीच्या आडोशाला ताडपत्री पण तीन बाजूंनी नको. कोठ्यात जनावरांजवळ टाकायचं काही लोक करतात, ते करू नका, तिथला वास आणि धूळ आजारी छातीला आणखी त्रास देते आणि माणसाचं मनही खचते. एकाच खोलीत राहायचं असेल तर जितकं दूर तितकं, आणि एकाचं डोकं तिकडे दुसऱ्याचं इकडे. सेवेला एकच माणूस नेमा, घरातला धडधाकट. आजीला नातवाचा जीव असते म्हणून आजीच बसते उशाशी, आणि मग नातू चार दिवसांत उठून खेळते आणि आजी भरती होते. आजीला समजावणं हे या सगळ्या लेखातलं सगळ्यात कठीण काम आहे, त्याला माझ्याकडे उपाय नाही, पोट्टे-पोरींनीच बघावं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला ताप आला तरी दूध तोडायचं नाही, मास्क लावून, हात धुऊन पाजायचं.

भांडी, कपडे, गादी जाळायची-फेकायची काही गरज नाही, साबणानं धुवा, उन्हात टाका, झालं. हात मात्र सारखे धुवा, वीस सेकंद, बोटांच्या मधून. आणि आपल्याकडचं खास म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला. एकाच पन्नीतून चार जण बोटं घालून खातात आणि पानठेल्यापासून एसटीच्या खिडकीपर्यंत थुंकत जातात. खर्रा सोडा असं सांगायला गेलं तर लोक लेख वाचणं सोडतात, तर निदान साथीपुरती आपली आपली पन्नी ठेवा.

तापासाठी पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांमधे सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही, आणि लिव्हरचा त्रास किंवा रोज दारू पिणारा असेल तर आधी डॉक्टरला विचारून. लहान मुलांना वजनाप्रमाणे, आणि पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं येते म्हणून बाटली सिस्टरला दाखवून किती द्यायचं ते विचारा, शेजारच्या पोराला दिलं तेवढंच देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन नको. पाणी, आंबील, पातळ वरण, कण्या, जे जाईल ते थोडं थोडं. हळदीचं दूध प्या, तुळशीचा काढा प्या, घशाला बरं वाटते, त्यानं विषाणू मरत नाही एवढं लक्षात ठेवून प्या आणि काढ्यानं पोटात आग व्हायला लागली तर थांबा. वाफेनंही विषाणू मरत नाही, त्यापेक्षा उकळतं पातेलं सांडून पोरं भाजतात ते जास्त. कापूर लहान मुलांच्या नाकाला, छातीला लावू नका, पोटात गेला तर झटके येतात.

आता सुई-सलाइनचा विषय. "डाक्टर साहेब, एक सुई मारून द्या, उद्या तुरीले पाणी द्यायचं हाय" हे आपलं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून सुई मारणारेही ठरलेले. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्यानं ताप उतरते, अंग हलकं वाटते, माणूस खुश होऊन वावरात जाते आणि आजार आतमधे वाढत राहते. ज्यांना ऑक्सिजन लागतो अशा कोरोनाच्या पेशंटला स्टेरॉइडनं जीव वाचला हे खरं, पण ते दवाखान्यात, मोजून. २०२१ मधे काळ्या बुरशीचे पेशंट नागपूरकडे किती भरती झाले ते आठवा, शुगर आणि वाटेल तसं घेतलेलं स्टेरॉइड ही त्यामागची दोन मोठी कारणं. फ्लूवर मात्र खरंखुरं औषध आहे, ऑसेल्टामिवीर, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग, म्हणून वर सांगितलेल्या जड जाणाऱ्या माणसांनी पहिल्याच दिवशी पीएचसी गाठावी आणि डॉक्टरला विचारावं.

श्वास मोजायला शिका

हा भाग दोनदा वाचा. माणूस तापानं कमी जातो, श्वासानं जातो, आणि श्वास मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" या संस्थेनं गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, औषध त्यांच्याच हाती दिलं, आणि मुलांचे मृत्यू कमी झाले, १९९० मधे ते "लॅन्सेट" या डॉक्टरी मासिकात छापून आलं. ज्या दायांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन केलं होतं. म्हणजे आपल्याला जमणार नाही असं म्हणायला जागाच नाही.

मूल शांत असताना, झोपलेलं किंवा मांडीवर, दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करा आणि पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळाचा श्वास कमी-जास्त होते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाचं आणि ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं आणि ४० किंवा जास्त, यातलं काहीही आलं तर तो जलद श्वास, न्यूमोनिया असू शकतो, आजच दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडून राहिला, बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलं, झटका आला, ओठ निळे दिसले, तर मोजत बसू नका, निघा. मेळघाटाकडे अजून कुठे कुठे अशा बाळाच्या पोटावर चटके देतात, त्या भागातल्या मित्रांना एकच सांगणं, भुमक्याशी (गावातल्या परंपरेच्या वैदू-मांत्रिकाशी) भांडू नका, त्याला विश्वासात घ्या, तोच जर "आधी दवाखान्यात ने" म्हणाला तर माणसं आपल्यापेक्षा त्याचं लवकर ऐकतात.

मोठ्या माणसाचा बसल्या जागी श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला तर डॉक्टर, ३० च्या आसपास गेला तर ताबडतोब. ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, बोट गरम पाहिजे, नेलपेंट-मेंदी नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९५ किंवा वर ठीक, ९४ किंवा खाली दाखवून राहिलं तर दवाखाना, ९० च्या खाली म्हणजे एक मिनिटही नाही. सावळ्या कातडीवर हे मशीन कधी कधी आकडा थोडा जास्त दाखवते, म्हणून आकडा ९५ आणि माणसाला मात्र वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर माणसावर विश्वास ठेवा. बसून ९६ असेल तर खोलीतच सहा मिनिटं हळू चालवा, तीन-चारनं पडला तर तोही इशारा. सकाळ, दुपार, रात्र असे आकडे पोराच्या वहीत लिहून ठेवा, डॉक्टरला ते पान फार कामाचं. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी दम लागायला लागला तर बरं होता होता बिघडलं असं समजा.

गाडी

आजारी पडल्यावर गाडी शोधणं म्हणजे उशीर. आधीच ठरवा, कोणाची गाडी, रात्री दोनला कोण उचलेल, पेट्रोलचे पैसे कुठून. १०८ फुकट आहे, गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२. पण आतल्या गावात गाडी पोचायला वेळ लागते, पावसात नाल्याला पूर असला तर आणखी, म्हणून फोन लावून हातावर हात धरून बसू नका, रस्ता चालू असेल तर समोर निघा आणि वाटेत भेटायची जागा फोनवर ठरवा. जायचं कुठे तेही आधी विचारून ठेवा, ऑक्सिजन आणि बेड तुमच्या पीएचसीत आहे की ग्रामीण रुग्णालयात, ते आशाताईंना माहीत असते. वाटेत "इथे एक सलाइन लावून घेऊ" म्हणून थांबू नका. पेशंटला बसवून किंवा टेकवून न्या, काचा उघड्या, सगळ्यांना मास्क. गाडी यायची वाट बघताना ऑक्सिजन कमी असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर पोटावर पालथं झोपवा, छातीखाली-पोटाखाली उशी, त्यानं आकडा वर येऊ शकते. पोट दिसायला लागलेल्या गरोदर बाईला पालथं झोपवायचं नाही, डाव्या कुशीवर. आधार, राशन कार्ड, चालू गोळ्यांची पन्नी, ती वही, एवढं एका थैलीत. राशन कार्डावर महात्मा फुले योजनेतून इलाज होऊ शकते, भरती करतानाच विचारा, बिल झाल्यावर नाही.

गावानं काय करायचं

लोक आजार लपवतात ते अडाणी आहेत म्हणून नाही. टेस्टमधे निघालं तर आठ दिवस मजुरी बुडते, गाय कोण काढणार, वावरात पाणी कोण सोडणार, दुकानदार उधारी देईल का, आणि लोक नळावर येऊ देतील का. या प्रश्नांची सोय लावल्याशिवाय दवंडी पिटून काही होत नाही. प्रत्येक आळीत दोन-तीन धडधाकट पोरं ठरवा, आजारी घराच्या ओट्यावर किराणा आणि पाणी ठेवायचं, जनावरांचं बघायचं, ओलिताची पाळी सांभाळायची. बचत गटाच्या बाया हे फार चांगलं करतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात असते आणि तिला थोडा निधीही येते, तो फवारणीच्या औषधात घालू नका, मास्क, थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि रात्रीच्या गाडीच्या पेट्रोलला ठेवा. फवारणीवर पैसा टाकायचाच हट्ट असेल तर शाळेच्या आणि अंगणवाडीच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन लावा, तो साथ गेल्यावरही कामाचा.

आठवडाभरात एकाच आळीत पाच-सहा घरी ताप दिसला तर आशाताईंना लगेच सांगा, त्या वर कळवतात आणि पथक येते. आशाताईंना मास्क द्या आणि त्यांच्याशी ओट्यावरच बोला, घरात बोलावून चहा देण्याचा आग्रह साथीत नको.

लग्न, तेरवी, सप्ताह. यातली तेरवी सगळ्यात कठीण, कारण दुःखाच्या घरी जाऊ नका असं कोणी सांगू शकत नाही. जा, पण मंडप उघडा ठेवा, कनाती चारही बाजूंनी लावू नका, बाया आतल्या खोलीत दाटून बसतात त्यांच्यासाठी आंगणात सतरंज्या टाका, आणि ज्याला खोकला आहे त्यानं फोनवर बोलावं, त्याचा मान कमी होत नाही. सप्ताहात कीर्तन देवळाच्या बंद सभामंडपाऐवजी पटांगणात करा, मोठ्या आवाजात शंभर माणसं गाणार असतील तर वर आकाशच पाहिजे. महाप्रसाद पंगतीऐवजी घेऊन जाण्यासारखा. मजुरांच्या टेम्पोची ताडपत्री वर गुंडाळा, काळी-पिवळीत खिडकी उघडी, आणि खोकणाऱ्या बाईला त्या दिवशी मुकादमानं अर्धी मजुरी देऊन घरी ठेवलं तर तिच्यासोबतच्या पंधरा जणी कामावर राहतात, हा हिशोब कास्तकाराला सांगितला की लवकर पटते. शाळेत खिडक्या उघड्या, आजारी मुलाच्या गैरहजेरीवर बोलणं नको, शंभर टक्के हजेरीचं बक्षीस त्या महिन्यापुरतं बंद.

व्हॉट्सॲपवर साथीत रोज नवीन औषध येते. ग्रुप ॲडमिननं एक नियम ठेवावा, औषधाचा मेसेज आधी पीएचसीच्या डॉक्टरला किंवा सिस्टरला पाठवायचा, मग ग्रुपवर.

बरं झाल्यावर

गोळी न घेता २४ तास ताप आला नाही आणि लक्षणं कमी होत चालली की माणूस बाजेवरून उठून घरात मिसळू शकते, पण पुढचे पाच दिवस मास्क आणि म्हाताऱ्यांपासून थोडं लांब. थकवा आणि कोरडा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी डवरणीला किंवा पोती उचलायला जाऊ नका, आधी पाणी देणं, राखण, असली हलकी कामं, दम लागला तर बसायचं. खोकला पूर्ण जाईपर्यंत फवारणीचा पंप दुसऱ्यानं पाठीवर घ्यावा. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला चालू असेल तर "कोरोनाचाच राहिला असेल" म्हणून सोडू नका, थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. थुंकी सकाळची पहिली, चूळ भरून, खोल खोकून काढलेली द्यायची, आणि डबीत ती काढताना घराच्या बाहेर, मोकळ्या हवेत उभं राहायचं.